वृद्ध कुत्रा व मांजर यांचे वजन-व्यवस्थापन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

यवतमाळ जिल्हा प्रामुख्याने कापूस उत्पादक जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील पशुआरोग्याची चर्चा साहजिकच बैल, गाय व शेळी यांभोवती फिरते. घरातील म्हातारा कुत्रा वा मांजर तीत अभावानेच येतात.

अनेक घरांत कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-पोळी, वरण-भात आणि चहाच्या वेळी बिस्कीट. दहा किलो वजनाच्या, कमी हालचालीच्या वृद्ध कुत्र्याची दैनंदिन गरज साधारणतः ५०० कॅलरी असते व तेल लावलेली एक पोळी सुमारे १०० कॅलरी देते. घरातील चौघांनी मायेने एकेक पोळी घातली, तर जेवणाचे ताट समोर येण्यापूर्वीच गरज बहुतांश भागलेली असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांपैकी निम्म्यांना २५ टक्के कमी आहार दिला गेला. त्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे आढळले. तथापि सरसकट उपासमार हा उपाय नव्हे. वार्धक्यात स्नायू झिजतात. म्हणून पोळी-भात कमी करावा, अंडे वा मांसासारखी प्रथिने कमी करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य आहे. मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि चरबीमुळे शरीरातील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. त्यामुळे फिरवणे सूर्योदयापूर्वीच उरकावे.

मांजराची गोष्ट बहुधा उलट असते. साधारण बारा वर्षांनंतर ते रोडावू लागते व ‘वय झाले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः यामागे मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, मधुमेह वा दुखरे दात असू शकतात. मांजर मूलतः मांसाहारी असल्याने केवळ दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणे तर धोक्याचेच, कारण काही दिवस अन्न न मिळाल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून प्राणावर बेतू शकते.

वजन मोजण्यास दवाखान्याचीच वाट पाहण्याचे कारण नाही. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे व स्वतःचे वजन वजा करावे. मांजराला टोपलीत बसवून किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा वापरता येतो; दुकानदार हसेल, एवढेच. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटणे होय, आणि ते डोळ्यांना सहसा दिसत नाही.