जुने विजेते हटत का नाहीत?

"आजच्या पोरांत दम नाही!" दूरदर्शनवर टेनिसचा सामना लागला की आमचे मामा हे वाक्य हमखास टाकतात. मी स्वतः वीस वर्षांचा, त्यामुळे ते मला लागते. पण वाणिज्य शाखेच्या सवयीने हिशेब मांडून पाहिला, तेव्हा सारा दोष पोरांचाच आहे असे दिसेना.

आकडे मामांच्या बाजूने आहेत, हे कबूल. २००३ ते २०२२ या काळात विम्बल्डनची पुरुष एकेरी फेडरर, नदाल, जोकोविच आणि मरे या चौघांखेरीज कोणीही जिंकली नाही. १९९० च्या दशकात जन्मलेल्या पुरुष खेळाडूला पहिले ग्रँड स्लॅम मिळाले ते २०२० साली. तो डॉमिनिक थीमही तेव्हा २७ वर्षांचा होता.

याचे कारण काय? जुन्या पेढीजवळ भांडवल असते, तसे ते विजेत्याजवळही असते. पहिले भांडवल मानांकनाचे. ग्रँड स्लॅममध्ये १२८ पैकी ३२ खेळाडू मानांकित असतात आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांची आपसांत गाठ पडत नाही. बिगरमानांकित नवख्याला मात्र पहिल्याच दिवशी विजेता समोर येऊ शकतो. जिंकले की गुण, गुणांमुळे पुन्हा मानांकन. हे चक्रवाढ व्याजच झाले!

दुसरे भांडवल पैशाचे. बक्षिसाच्या रकमेतून प्रशिक्षक आणि फिजिओ कायम सोबत ठेवता येतात, म्हणून शरीर टिकते. नवख्याला प्रवासखर्चाचीच विवंचना.

तिसरे भांडवल अनुभवाचे. २०२१ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २२ वर्षांच्या त्सित्सिपासने जोकोविचविरुद्ध पहिले दोन सेट घेतले. उरलेले तिन्ही ३४ वर्षांच्या जोकोविचने जिंकले. तीन सेटांचा सामना असता, तर निकाल दुसऱ्या सेटलाच लागला असता.

तरीही मक्तेदारी कायमची नसते. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये अल्कराझने पहिला सेट १-६ असा गमावूनही पाच सेटांत जोकोविचला हरवले. तेव्हा तो २० वर्षांचाच होता. पुढे २०२४ आणि २०२५ मधील आठही ग्रँड स्लॅम त्याने आणि सिनर याने वाटून घेतली. म्हणजे नव्यांच्या हाती भांडवल आले आणि तेच नवे मक्तेदार झाले!

हे सारे मामांना ऐकवले. ते म्हणाले, "म्हणजे पाचव्या सेटपर्यंत टिकायला हवे, एवढेच ना?"

एवढेच, मामा. पण पाचवा सेट खेळायला मिळाल्याशिवाय तो शिकायचा तरी कसा?