साल जुळले, तरी आवृत्ती पहिली असेलच असे नाही

जुन्या गुप्तहेर कादंबरीची पहिली आवृत्ती ओळखताना नुसत्या सालावर विसंबू नये. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या. लंडनच्या जॉर्ज न्यून्सने ती मार्च १९०२ मध्ये काढली. पण त्याच साली न्यूयॉर्कला मॅक्ल्युअर, फिलिप्सची आवृत्ती निघाली आणि लाँगमन्सने हिंदुस्थान व इतर वसाहतींसाठी वेगळी छापली. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या संग्रहात १९०२ची प्रत निघाली, तर आधी प्रकाशकाचे नाव पाहायचे ते यासाठीच. नाव न्यून्सचे असेल, तर जाणकार पान १३ उघडून तिसरी ओळ वाचतात. तिथे ‘युअर’च्या जागी ‘यू’ छापले गेले आहे. एवढ्यावर निकाल देणे मात्र घाईचे. चूक दुरुस्त होईपर्यंतच्या प्रत्येक छपाईत ती तशीच उमटणार, त्यामुळे चूक नसणे जितके निर्णायक, तितके असणे नाही. पुनर्मुद्रणाची नोंद नसणे, लाल कापडी बांधणी, सिडनी पॅजेटची सोळाही चित्रे जागेवर असणे, हे सारे जुळायला हवे.

कोणी म्हणेल, कादंबरी ऑगस्ट १९०१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः येत होती, मग पहिला मान त्या अंकांचा नाही का? प्रथम प्रसिद्धीचा मान त्यांचाच, आणि ते अंकही जिवापाड जपायला हवेत. पण संग्राहक पहिली आवृत्ती मानतात ती पुस्तकरूपातली. शिवाय मासिकातली कथा एप्रिल १९०२च्या अंकात संपली, पुस्तक मार्चमध्येच आले होते.