इंजेक्शन कोणतं, हे पॉलिसी ठरवते

1 मे 1999 ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. पुढची चौदा-पंधरा वर्षं संधिवाताच्या रुग्णाला सारखीच गेली. गावात पुडीतलं स्टिरॉइड, नाहीतर नांदेडची वारी.

21 नोव्हेंबर 2013 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली आणि पिवळ्या-केशरी कार्डाला वर्षाला दीड लाखाचं कवच मिळालं. हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांचं तिनं भलं केलं, हे खरंच. पण 971 उपचारांची ती यादी मुख्यतः भरती होणाऱ्यांची. माझ्या वहिनीची बोटं सकाळी तासभर वळत नसत. तिला खाट नको होती, औषध हवं होतं. पुढे 2020 च्या सुधारित यादीत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आली. सांधा गेल्यावर पैसे. तो वाचवायचा तर आपलं आपण बघा!

संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी स्वस्त, आठवड्यातून एकदाच घ्यायची. पुष्कळांचं तिच्यावर भागतं. महाग तेच भारी म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. वहिनीचं भागलं नाही. डिसेंबर 2014 मध्ये झायडस कंपनीनं संधिवातावरच्या अडालिमुमॅब या इंजेक्शनची देशी आवृत्ती आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात. तरी दर पंधरवड्याच्या इंजेक्शनसाठी वसमतच्या बाजारात हळद विकावी लागली. आधी क्षयाची तपासणी, कारण या औषधानं दबलेला क्षय उसळतो. मग नांदेडहून एसटीत मांडीवर बर्फाचा थर्मास. घरी फ्रिज, आणि लाइट गेली की दादांची घालमेल. औषध 2 ते 8 अंशांतच राहायला हवं. पण बोटं वळू लागली. वहिनी पुन्हा भाकरी थापू लागली.

2019 मध्ये विमा नियामकानं आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं घातली. वहिनीचं अडालिमुमॅब त्यातलंच. दादांनी खाजगी पॉलिसी काढली, आधीच्या आजाराची प्रतीक्षामुदतही निमूटपणे भरली. नियामकानं दार उघडलं खरं, पण उपमर्यादांची कडी कंपन्यांच्या हाती ठेवली.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. त्याचा मेसेज कंपनीनं तत्परतेनं पाठवला. पाठोपाठ नकाराचं पत्र आलं: घरी टोचलेलं इंजेक्शन म्हणजे ओपीडी, दावा नामंजूर. आता डॉक्टर म्हणतात, ताई, इन्फ्लिक्सिमॅबवर जाऊ. ते सलाईनमधून दवाखान्यातच द्यावं लागतं, तुमच्या पॉलिसीच्या कागदात बसतं. म्हणजे इतकं चाचपडून जे लागू पडलं, ते सोडायचं. आजार वाढला म्हणून नव्हे, टोचायची जागा चुकली म्हणून.