४५ कोटींची गिटार: पैसे नेमके कशाचे?

ज्यांना हेडफोन लावायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय: रॉकस्टार लोकांच्या गिटारी आणि त्यांचे लिलाव. यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "एका गिटारीला एवढे पैसे? आवाज इतका भारी असतो का तिचा?" उत्तर आधीच देऊन टाकतो. आवाजाचा संबंध फार कमी आहे.

कर्ट कोबेनचंच घ्या. नोव्हेंबर १९९३मध्ये निर्वाणाने न्यूयॉर्कला एमटीव्ही अनप्लग्डचा कार्यक्रम केला. कार्डिगन घातलेला कोबेन, भोवती मेणबत्त्या आणि पांढरी फुलं, हा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्याच्या हातात होती १९५९ची मार्टिन डी-१८ई. मार्टिन कंपनीने अकूस्टिक गिटारीवर इलेक्ट्रिक पिकअप बसवून बघितले, ते काही जमलं नाही आणि मॉडेल लवकरच बंद झालं. अशा जेमतेम तीनशे गिटारी बनल्या. थोडक्यात, फसलेलं मॉडेल! त्यात कोबेन डावखुरा, म्हणून ती उलटी करून घेतलेली, आणि वर आणखी एक पिकअप जोडलेला. पाच महिन्यांनी कोबेन गेला. जून २०२०मध्ये ज्युलियन्सच्या लिलावात ती ६० लाख डॉलरला गेली, त्या वेळच्या दराने ४५ कोटी रुपयांच्या वर. रोड मायक्रोफोन्सचे संस्थापक पीटर फ्रीडमन यांनी ती घेतली. हो, तेच रोड, ज्यांचे माइक आपल्यासारखे पॉडकास्टवाले वापरतात. म्हणजे त्यात आपलाही खारीचा वाटा आला की!

आता दुसरी गंमत ऐका. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची 'ब्लॅक स्ट्रॅट'. १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतलेली साधी फेंडर. गिल्मोरने तिची नेक किती वेळा बदलली! पिकअप बदलले, पिकगार्ड बदलला, भोकं पाडली, नंतर ती बुजवली. मधली बरीच वर्षं ती हार्ड रॉक कॅफेत शोपीस म्हणून होती. जून २०१९मध्ये क्रिस्टीजने ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली, आणि त्या लिलावाचे सगळे पैसे गिल्मोरने हवामानबदलावर काम करणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला दिले. पण मुद्दा असा, की मूळच्या गिटारीतलं उरलं होतं किती? फेंडरने २००८मध्येच तिची हुबेहूब प्रत बाजारात आणली होती, काही हजार डॉलरला. वाजवायला प्रत पुरते. मग बाकीचे लाखो डॉलर कशाचे?

पुराव्याचे. "हीच ती" असं दाखवून देणाऱ्या पुराव्याचे. लिलावाच्या भाषेत याला प्रॉव्हनन्स म्हणतात. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतात ना, तसंच. कोणाकडून कोणाकडे गेली, मधे कुठे साखळी तुटली का?

ही साखळी तुटली की काय होतं, ते जॉन लेननच्या गिब्सन जे-१६०ईने दाखवलं. १९६२मध्ये लिव्हरपूलच्या दुकानातून लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी एकसारख्या दोन घेतल्या. लेननची डिसेंबर १९६३मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क अस्टोरियातल्या कार्यक्रमांच्या वेळी गायब झाली. काही वर्षांनी अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका माणसाने एक जुनी, वापरलेली गिब्सन विकत घेतली आणि कित्येक वर्षं घरी आरामात वाजवली. बिचाऱ्याला पत्ताच नाही! २०१४मध्ये ओळख पटली. दोन गोष्टींवरून: सिरियल नंबर आणि लाकडाच्या रेषा.

हे रेषांचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. ओरखडे, सिगारेटचे डाग, उडालेला रंग यांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ते मुद्दाम करता येतात. फेंडर स्वतःच नवी कोरी गिटार झिजवून 'रेलिक' म्हणून विकते, जास्त पैसे घेऊन! पण गिटारीच्या तोंडावरच्या लाकडातल्या रेषा झाडाबरोबर वाढलेल्या असतात. दुसऱ्या झाडात तशाच्या तशा यायच्या नाहीत. म्हणून जुने फोटो मोठे करून एकेक रेष, एकेक गाठ जुळवतात. कुण्या फोटोग्राफरने साठ वर्षांपूर्वी सहज काढलेला एक स्पष्ट फोटो आज लाखो डॉलरची साक्ष देतो.

२०१५मध्ये ती २४ लाख डॉलरला विकली गेली. हरवलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न होताच. त्यातले निम्मे पैसे योको ओनो यांच्या संस्थेला देण्याचं ठरलं. मला विचाराल तर तोडगा बरा होता. पैसे मोजून घेतलेला माणूस चोर ठरला नाही आणि लेननची बाजूही वाऱ्यावर सुटली नाही.

पण सगळ्याच लिलावात जात नाहीत. पॉल मकार्टनीची हॉफनर बास, हॅम्बुर्गला १९६१मध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेली. पॉल डावखुरा, आणि हिचा आकार व्हायोलिनसारखा दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही. ऑक्टोबर १९७२मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये उभ्या व्हॅनमधून ती चोरीला गेली. हॉफनरचा एक माजी कर्मचारी आणि एक पत्रकार जोडपं यांनी शोध चालवला, लोकांना जाहीर आवाहन केलं, आणि ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर ती निघाली! हॉफनरने तपासून खरी असल्याचं सांगितलं, फेब्रुवारी २०२४मध्ये बातमी फुटली.

लिलावात काय किंमत आली असती, याचे आकडे लोक अजून लढवतात. मकार्टनीने डिसेंबर २०२४मध्ये लंडनच्या ओटू अरीनात ती गळ्यात अडकवली आणि पन्नासेक वर्षांनी पहिल्यांदा स्टेजवर वाजवली. शेजारी गिटारवर रॉनी वूड होता.