पेचकस का मरतो?

घरच्या हत्यारांच्या पेटीत सर्वांत जास्त छळ होतो तो पेचकसाचा. स्क्रू पिळण्यासाठी जन्मलेल्या या बिचाऱ्याकडून आपण डब्यांची झाकणे उचकटतो, खिळे उपटतो, वर हातोडीचे घावही घालतो. टोक मोडले म्हणजे म्हणतो, "हल्लीचा मालच खोटा!"

माल कधी खोटा असतोही. पेचकसाचे आयुष्य पोलादाला दिलेल्या 'पाण्या'वर अवलंबून असते. लाल तापवून एकदम निववलेले पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. पाणी कमी बसले तर टोक पिळवटते. फाजील बसले तर टवका उडतो. क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादात कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही साधतात. आपल्याकडे १९६९ साली स्वीडिश तंत्रसाहाय्याने हत्यारे बनवू लागलेल्या तपारिया कंपनीचा कारखाना नाशिकला आहे.

पण उत्तम पोलादही चुकीच्या मापापुढे हात टेकते. पाते स्क्रूच्या खाचेइतके रुंद आणि खाचेत घट्ट बसणारे हवे. अरुंद पात्याच्या दोन कोपऱ्यांवरच सारा जोर येतो आणि ते झिजतात. फुलीच्या स्क्रूचे पेटंट अमेरिकेच्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळाले. या फुलीच्या कडा उतरत्या असल्याने जोर वाढताच टोक वर निसटते आणि दर खेपेस फुली थोडी घासते. म्हणून आधी दाबावे, मग पिळावे.

शहरात हा किरकोळ मनस्ताप ठरतो. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी तोच जिवावर बेतू शकतो. रात्री शेतात वीज आली आणि पंपाच्या स्टार्टरमधील स्क्रूची खाच गेली, तर सैल तार तापून जळते; पीक तहानलेले राहते. त्या पेटीत ४१५ व्होल्ट खेळत असतात. तडकलेल्या मुठीचा पेचकस तेथे नेणे म्हणजे यमाला आमंत्रण! साधी प्लॅस्टिकची मूठही पुरेशी नव्हे. तिच्यावर १००० व्होल्टची खूण पाहावी आणि तरीही मुख्य स्विच आधी बंद करावा. टेस्टरचे नाजूक पाते तर स्क्रू आवळण्यासाठी नसतेच.

चपटे टोक झिजले तर सहाणेवर सावकाश, वारंवार पाण्यात बुडवून घासावे. निळी झाक आली की पोलादाचे पाणी उतरलेच. घासलेल्या फुलीला मात्र निरोप द्यावा; ती नवे स्क्रूही बिघडवते.

आणि फराळाचे डबे उघडायला, गृहिणींनो, जुना चमचा काढून ठेवा!