शरीरातील घड्याळ आणि मनोविकार : एक राहून जाणारा प्रश्न

पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात काम करणारा तरुण मागील वर्षी आमच्या चिकित्सालयात आला. झोप नाही, भूक मंद, चिडचिड, विस्मरण, कशातच मन लागत नाही. नाडी व जिह्वा पाहून आम्ही वातवृद्धीचे निदान केले. अश्वगंधा, जटामांसी, शिरोभ्यंग व पादाभ्यंग योजले. दोन महिने उपशय नाही. तिसऱ्या महिन्यात त्याची पत्नी सहज बोलून गेली, "डॉक्टर, ह्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते हो." कामाच्या वेळेचा रकाना आमच्या केसपेपरवर छापलेला आहे. तो आम्ही कोराच ठेवला होता.

शरीराच्या अंतर्गत घड्याळाचा शोध एका वनस्पतीपासून सुरू झाला. 1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले; सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत व मिटत राहिली. आपल्या निघंटूंतील लज्जालू ती हीच, हे वाचून वैद्यांना निश्चित मौज वाटेल. हे घड्याळ चालविणाऱ्या जनुकांवरील संशोधनास 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात, दृष्टिनाड्या एकमेकींस छेदतात त्याच्या किंचित वर असते. सुमारे वीस हजार पेशींचा हा पुंजका. त्याचे चक्र चोवीस तासांहून थोडे मोठे, सरासरी 24 तास 11 मिनिटांचे असते, आणि रोज डोळ्यांत शिरणारा प्रकाश ते जुळवून घेतो. रात्रीच्या प्रकाशाने मेलॅटोनिनचा स्राव दबतो. यकृत, आंत्र आदी अवयवांची स्वतःची उपघड्याळे असून ती मुख्यतः भोजनाच्या वेळेवरून चालतात.

आता आपल्या रुग्णाकडे पाहावे. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकू शकते. शिफ्ट एकदम आठ तासांनी सरकली की ते जुळेपर्यंत आठवडा संपतो आणि पुढची शिफ्ट लागते. मेंदू झोपेच्या तयारीत असताना हात यंत्रावर, आणि पहाटे तीनला पोटात वडापाव! अशा स्थितीत जटामांसीने काय करावे?

ब्रिटनमधील 91 हजारांहून अधिक व्यक्तींच्या मनगटावर हालचाल नोंदविणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दिवस-रात्रीच्या हालचालींतील फरक पुसट होता, त्यांच्यात नैराश्य व उन्माद-अवसाद यांचे प्रमाण अधिक आढळले. यावरून घड्याळ आधी बिघडते की मन, हे ठरत नाही. व्यवहारात दोन्ही एकमेकांस ओढतात. मात्र एका बाबतीत सावध असावेच. उन्माद-अवसादाच्या रुग्णास एका रात्रीचे जागरणही उन्मादाच्या वेगात लोटू शकते. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे व खर्च वाढला, असे नातेवाईक सांगू लागले तर तेल-घृतात वेळ न दवडता मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. चालू असलेले लिथियम आपल्या सांगण्यावरून कदापि बंद होऊ नये.

आपल्या संहितांत दिवस व रात्र यांचे कफ, पित्त, वात असे क्रमाने तीन भाग सांगितले आहेत. त्यावर कॉर्टिसॉलचा आलेख ठेवून 'आम्हांस हे आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. तो आवरलेला बरा. ग्रंथांतील व्यवहार मात्र सोडू नये. जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी न जेवता झोपावे, असे वाग्भट सांगतात. रात्रपाळीच्या कामगारास हे जसेच्या तसे लागू पडते. उलट पहाटे दोनला झोपणाऱ्यास ब्राह्ममुहूर्ताचा उपदेश करणे म्हणजे त्याची उरलीसुरली झोप काढून घेणे होय. तो नियम स्वस्थासाठी आहे, हे आपण विसरतो.

त्या तरुणास आम्ही घरी परतताना काळा चष्मा, निजण्याच्या खोलीस जाड पडदा, मध्यरात्रीनंतर जड आहार नाही, असे सांगितले. शिफ्टचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवावा, अशी शिफारस कारखान्यास लिहून दिली. चक्र मुळात चोवीस तासांहून मोठे असल्याने पुढे सरकणे सोपे जाते. त्याचा क्रम नेमका उलटा होता. तो बदलण्यास चार महिने लागले. भूक आधी सुधारली, चिडचिड नंतर. झोप अजूनही पूर्ववत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. "झोपेचे काहीतरी द्या" म्हणत गिऱ्हाईक आले की चूर्णाची डबी काढण्यापूर्वी विचारावे : कामावरून किती वाजता येता? सुटीच्या दिवशी किती वाजता उठता? दोन्ही उत्तरांत तीन-चार तासांचे अंतर असेल तर त्यास वैद्याकडे पाठवावे, आणि चिठ्ठीवर ते दोन आकडे लिहून द्यावेत.