स्वमग्न मुलासाठी बालवर्ग कसा निवडावा?

जून महिन्यातला बालवर्ग डोळ्यांसमोर आणू या. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजतो आहे. आत चाळीस मुले एका सुरात गाणे म्हणत आहेत. कोपऱ्यात चार वर्षांचा एक मुलगा दोन्ही कान झाकून बसला आहे. बाई हाक मारतात, तो पाहत नाही. हात धरून त्याला रिंगणात आणतात, तर तो किंचाळतो. मधली सुट्टी होते, मुले डबे घेऊन व्हरांड्यात जातात आणि हाच मुलगा शांतपणे उठून ठोकळे रंगांप्रमाणे ओळीत लावू लागतो. मुलगा तोच आहे. खोली मात्र बदलली आहे.

स्वमग्न मुलासाठी बालवर्ग शोधताना ‘साधी शाळा की विशेष शाळा?’ हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो. पण दारावरची पाटी वाचून त्याचे उत्तर मिळत नाही. त्या खोलीत दिवसभर काय घडते ते आधी पाहावे लागते. असे का, हे कळण्यासाठी स्वमग्नतेविषयी थोडे समजून घेऊ.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमत आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी अस्वस्थ होत. पुढे बरीच वर्षे याचा दोष आईवडिलांच्या कोरड्या वागण्याला दिला गेला. तो समज पूर्णपणे चुकीचा ठरला आहे. या मुलांच्या मेंदूची घडण सुरुवातीपासूनच वेगळ्या रीतीने होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष सुधारले. आवाज, उजेड, स्पर्श यांची संवेदना फार तीव्र किंवा फार मंद असणे, याचाही त्यांत समावेश झाला. शिक्षकांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे, कारण आवाज आणि उजेड खोलीवर अवलंबून असतात आणि खोली आपल्या हातात असते.

खोलीची परीक्षा

प्रथम आवाज. रिकाम्या वर्गात मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज घुमत राहिला, तर मुलांच्या गलक्यात तो किती वाढत असेल याची कल्पना येईल. फरशी, भिंत आणि पत्रा आवाज परत फेकतात. कापड तो शोषून घेते. वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने हार्वर्ड विद्यापीठातील घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजले. आपल्याला जाड सतरंजी, पडदे आणि भिंतीवर टांगलेली एखादी गोधडी पुरते.

दुसरी गोष्ट दिवसाचा क्रम. ‘आता पुढे काय?’ हे न कळणे स्वमग्न मुलाला फार जड जाते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी उभारलेल्या आणि १९७२ पासून राज्यभर चाललेल्या कार्यक्रमाने याच गोष्टीवर भर दिला. जागा ठरलेली, क्रम ठरलेला आणि तो डोळ्यांना दिसेल असा. प्रार्थना, खेळ, डबा, गोष्ट, घर अशी पाच चित्रे ओळीने लावली आणि झालेले काम उलटे करून ठेवले, तर न बोलणाऱ्या मुलालाही दिवस वाचता येतो.

तिसरी गोष्ट माघार घेण्याची जागा. दंगा असह्य झाला तर मुलाने जावे असा कोपरा वर्गात आहे का? तो शिक्षेचा कोपरा नसावा, विसाव्याचा असावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्गातील मोठी माणसे. ताई छोटी वाक्ये बोलतात का? बोलल्यावर उत्तरासाठी थांबतात का? मूल रडू लागले तर काय करता, असे त्यांना विचारून पाहा. ‘आधी कशाने रडते ते शोधतो’ असे म्हणणारा वर्ग सजावटीत कमी असला तरी चालेल.

साधा वर्ग की विशेष वर्ग?

विशेष वर्गात मुले थोडी, शिकवणारे प्रशिक्षित. पण ज्यांचे बोलणे ऐकून बोलायला शिकावे असे सवंगडी कमी. साध्या वर्गात सवंगडी भरपूर. मात्र शेजारी बसवले म्हणजे मुले एकत्र खेळतातच असे नाही. पाळीपाळीने चेंडू देणे, दोघांनी मिळून एक मनोरा रचणे, असे खेळ शिक्षकाला मुद्दाम आखावे लागतात. काही मुलांना साध्या वर्गात सोबत मदतनीस ताई लागते, काहींना निम्मा वेळ इकडे आणि निम्मा तिकडे असे जमते. एका मुलाला मानवलेला वर्ग दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

कायद्याची मदत कुठपर्यंत आहे? १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो आहे. ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे, पण तो ६ ते १८ या वयासाठी. बालवाडीचे वय त्याच्या अलीकडचे. म्हणजे भाषा आणि खेळ वेगाने वाढण्याच्या नेमक्या वर्षांत मुलाची भिस्त पालक आणि शिक्षक यांच्या समजुतीवर राहते. ‘आमच्याकडे जमणार नाही’ हे वाक्य म्हणूनच विचार करून उच्चारायला हवे.

पहिले पंधरा दिवस

शाळा सुरू होण्याआधी मुलाला रिकामा वर्ग दाखवावा. सुरुवात रोज एका तासाने करावी. एका वहीत तीनच रकाने आखावेत: कधी अस्वस्थ झाला, त्याआधी काय घडले, कशाने शांत झाला. पंधरा दिवसांनी ही वही आईवडिलांबरोबर वाचावी. घंटा झाली की रडतो असे दिसले, तर घंटेआधी त्याला सांगून ठेवता येईल. पुष्कळ बदल करूनही त्रास कमी होत नसेल, तर वर्ग बदलण्यात कमीपणा नाही. निवड एकदाच करून संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिचा पुन्हा विचार करावा.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. त्याआधी त्या बौद्धिक अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या, आणि त्या कामातून मिळालेली साधनेच पुढे सर्व मुलांच्या हाती आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती स्वस्त, स्थानिक वस्तूंच्या रूपात आपल्या खेड्यापाड्यांतील बालवाड्यांत नेली. तेव्हा सतरंजी, चित्रांची ओळ आणि विसाव्याचा कोपरा एका मुलासाठी करताना आपण उरलेल्या एकोणचाळीस जणांचेही भलेच करत असतो. उद्या वर्ग रिकामा असताना टाळी वाजवून पाहायला काय हरकत आहे?